दारूगोळ्याच्या वहीतला ड्रोन

जून २०२४ मध्ये नागपूरच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज लिमिटेड या कंपनीने भारतीय लष्कराला १२० ड्रोन सुपूर्द केले. त्यांना पंख होते, मोटर होती, कॅमेरा होता. तरीही ते कोणत्याही हवाई तळावर गेले नाहीत. ते गेले वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात. तोफगोळे, काडतुसे आणि हातबॉम्ब ज्या ठिकाणी मोजून आत घेतले जातात आणि मोजून बाहेर दिले जातात, त्याच ठिकाणी या उडत्या यंत्रांचीही नोंद झाली. लष्कराने ते विमान म्हणून घेतलेच नव्हते. एकदा वापरायचा आणि संपवायचा दारूगोळा म्हणून घेतले होते.

या एका नोंदीत शस्त्रखरेदीतला फार मोठा बदल दडलेला आहे. स्वस्त ड्रोन बनवणे आता अवघड राहिलेले नाही. तो खरेदी करण्याची रीत बसवणे अवघड आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे पुरेसे बोलले जात नाही.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. पुलगावला गेलेल्या ड्रोनचे नाव नागास्त्र-१. सोलर इंडस्ट्रीज या नागपूरच्या उद्योगसमूहातल्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हजने तो बंगळूरच्या झेड-मोशन या कंपनीच्या साथीने तयार केला. हवेत जाणाऱ्या भागाचे वजन सुमारे नऊ किलो, म्हणजे सैनिक तो पाठीवर घेऊन चढण चढू शकतो. बॅटरीवर तो साधारण अर्धा तास उडतो. जमिनीवरचा माणूस त्याला पंधरा किलोमीटरपर्यंत हाताळू शकतो; आधी आखून दिलेल्या मार्गाने तो तीस किलोमीटरपर्यंत जातो. पोटात एक किलो स्फोटक असते. दोनशे मीटरच्या वर गेला की त्याचा आवाज खाली जवळजवळ ऐकू येत नाही. लक्ष्याभोवती घिरट्या घालत तो वाट पाहतो, आदेश मिळाला की सूर मारतो आणि दोन मीटरच्या आत आदळतो. लक्ष्य सापडले नाही किंवा ऐनवेळी तिथे लहान मूल दिसले, तर हल्ला रद्द करून त्याला पॅराशूटने परत उतरवता येते. ही सोय मला फार मोलाची वाटते. तोफेतून सुटलेला गोळा परत बोलावता येत नाही.

दुसऱ्या जातीचा ड्रोन स्वतः आदळत नाही. तो वरून स्फोटक टाकतो आणि परत येतो. माणसाविना बॉम्ब टाकण्याची कल्पना जुनीच आहे: १८४९ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने वेढा घातलेल्या व्हेनिसवर बॉम्ब बांधलेले फुगे सोडले होते. पण फुगा वाऱ्याच्या मर्जीने जातो. चार पंख्यांचा, एका जागी तरंगू शकणारा ड्रोन स्वस्त झाला तेव्हा चित्र पालटले. २०१६-१७ मध्ये इराकमधल्या मोसुलच्या लढाईत इसिसने बाजारात मिळणाऱ्या छायाचित्रणाच्या ड्रोनमधून छोटे बॉम्ब टाकले. ज्या सैन्याच्या डोक्यावर अमेरिकेची लढाऊ विमाने होती, त्या सैन्याला काही शे मीटर उंचीवरच्या या क्षुल्लक वाटणाऱ्या यंत्रांनी हैराण केले.

टाकणाऱ्या ड्रोनची अडचण साध्या भौतिकशास्त्राची आहे. शंभर मीटरवरून सोडलेली वस्तू जमिनीवर यायला साडेचार सेकंद घेते. तेवढ्यात वारा तिला बाजूला ढकलतो आणि खालचे वाहनही जागा सोडते. म्हणून नेम हवा तर खाली यावे लागते, आणि खाली आले की बंदुकीच्या टप्प्यात येते. परत येण्यासाठी बनवलेला ड्रोनही त्यामुळे फार दिवस टिकत नाही. काही तर रेडिओ संदेश बिघडवणाऱ्या जॅमरमुळे वाट चुकून पडतात. युक्रेन महिन्याला सुमारे दहा हजार ड्रोन गमावत आहे, असा अंदाज लंडनच्या रुसी या अभ्याससंस्थेने २०२३ मध्ये दिला होता. टाकणारा असो की आदळणारा, हिशेबात दोघेही खर्ची पडणारेच.

युक्रेनमध्ये रात्री मोठे बॉम्ब टाकणाऱ्या सहा-सहा पंख्यांच्या ड्रोनचा वंश पाहिला तर तो शेतीत सापडतो. पिकावर औषध फवारणारे वजनदार ड्रोन हेच त्यांचे पूर्वज. आपल्या मलकापूर-कराडच्या पट्ट्यात, कृष्णा-कोयनेच्या काठच्या उसावर दहा लिटरची टाकी घेऊन फिरणारे फवारणी ड्रोन लोकांच्या ओळखीचे झाले आहेत. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांना असे ड्रोन घेण्यासाठी किमतीच्या ऐंशी टक्के, जास्तीत जास्त आठ लाख रुपये अनुदान मिळते. दहा किलो उचलणारे यंत्र दहा किलो उचलते. काय उचलायचे ते यंत्र ठरवत नाही. म्हणूनच या शस्त्राचा प्रसार रोखणे कठीण आहे, आणि म्हणूनच ते बनवण्याचे कौशल्य फक्त बड्या शस्त्र कंपन्यांकडे राहिलेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भारताने मार्च १९८६ मध्ये बोफोर्सच्या ४१० तोफांचा करार केला. त्यानंतर मोठ्या तोफेचा पुढचा करार व्हायला तीस वर्षे लागली. अमेरिकेच्या एम-७७७ तोफांचा करार झाला नोव्हेंबर २०१६ मध्ये. बोफोर्सच्या वादाची सावली त्यामागे होतीच, पण आपली खरेदीची पद्धतही त्या संथपणाला पोषक होती. आधी गरज मान्य करून घ्यायची, मग बाजारात काय मिळते याची चौकशी, मग प्रस्ताव मागवायचे, तांत्रिक छाननी, राजस्थानच्या उन्हात आणि लडाखच्या थंडीत चाचण्या, मग किमतीची पाकिटे उघडायची, घासाघीस, आणि शेवटी करार. चाळीस वर्षे सेवेत राहणाऱ्या रणगाड्यासाठी इतकी काळजी योग्यच आहे. चुकीचा रणगाडा घेतला तर दोन पिढ्यांना तो भोगावा लागतो.

पण अर्ध्या तासात संपणाऱ्या वस्तूसाठी तीन वर्षांची चाचणी लावली तर काय होईल? चाचणी संपेपर्यंत तो कॅमेरा, ती रेडिओ यंत्रणा आणि ती बॅटरी जुनी झालेली असेल. युक्रेनच्या आघाडीवर जॅमर बदलला की ड्रोनची रेडिओ वारंवारिता बदलावी लागते, ती बदलली की जॅमर पुन्हा बदलतो. हा पाठलाग काही आठवड्यांच्या फेऱ्यांत चालतो. तिथे काही ड्रोन रेडिओ सोडून मागे काचतंतूची बारीक तार सोडत उडू लागले, कारण तारेला जॅमर लागत नाही.

मग ड्रोन हातबॉम्बसारखा घ्यावा का? याच नागपूरच्या कंपनीचे उदाहरण त्यासाठी हाताशी आहे. १ ऑक्टोबर २०२० रोजी तिच्याशी दहा लाख मल्टी-मोड हातबॉम्बचा करार झाला, रक्कम ४०९ कोटी रुपये. भागाकार केला तर एका बॉम्बला सुमारे ४,०९० रुपये पडले. डीआरडीओच्या चंडीगडच्या टीबीआरएल प्रयोगशाळेने आराखडा दिला, कारखान्याने उत्पादन केले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पहिली खेप संरक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत नागपुरात सुपूर्द झाली. हातबॉम्बसाठी ही पद्धत उत्तम, कारण एकदा पक्का झालेला आराखडा दशकानुदशके चालतो. ज्या ३६ नंबरच्या हातबॉम्बची जागा याने घेतली, तो तर महायुद्धांच्या काळातला होता.

ड्रोनचे असे नाही. तो संख्येने हातबॉम्बसारखा लागतो आणि बदलतो मोबाइलसारखा. दहा लाख ड्रोन एकदम घेऊन कोठारात रचून ठेवले, तर दोन वर्षांनी त्यातले किती कामाला येतील याची खात्री नाही. दहा-दहा करून घेतले तर कारखाना उभाच राहणार नाही. या कोड्यासाठी आपल्या नियमपुस्तकात नीट बसणारा रकाना नाही.

नागास्त्र आला तो आणीबाणीच्या खरेदीच्या वाटेने. २०१६ मध्ये उरीचा हल्ला झाला, २०२० मध्ये लडाखमध्ये चीनशी तणाव वाढला, आणि तातडीची गरज भागवण्यासाठी सैन्यदलांना खास अधिकार मिळाले: एका कराराची मर्यादा तीनशे कोटी, आणि माल साधारण वर्षभरात हातात. याच अधिकाराखाली ४८० नागास्त्रांची मागणी नोंदवली गेली. पुलगावचे १२० हे त्यातलेच. पाकिस्तानविरुद्धच्या ऑपरेशन सिंदूरनंतर जून २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने अशाच तातडीच्या १३ करारांची घोषणा केली, एकूण १,९८१ कोटी ९० लाख रुपयांची. त्यात ड्रोन, घिरट्या घालणारी स्फोटके आणि ड्रोनविरोधी यंत्रणा होत्या. पाठोपाठ सुधारित नागास्त्र-१आरच्या सुमारे ४५० नगांची मागणीही आली.

आणीबाणीचा मार्ग वेगवान आहे यात शंका नाही. मात्र तो नेहमीचा रस्ता होऊ शकत नाही. त्यात एकदा मागणी येते, पुन्हा कधी येईल ते कोणी सांगत नाही. कारखानदाराने नवे यंत्र घ्यावे, कामगार कायम करावेत, पुढच्या आवृत्तीवर पैसे लावावेत, तर त्याला पुढच्या पाच वर्षांचा अंदाज हवा. ४८० हा आकडा मोठा वाटतो. तो लष्कराच्या आकारासमोर ठेवून पाहू. २६ जुलै २०२५ रोजी कारगिल विजय दिनाच्या भाषणात लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी प्रत्येक पायदळ बटालियनमध्ये ड्रोनची पलटण असेल असे सांगितले. ‘अश्नी’ नावाच्या या पलटणी त्याच वर्षी सुमारे ३८० बटालियनमध्ये उभ्या राहिल्या. ४८० नागास्त्रे सर्वांना सारखी वाटली तर एका बटालियनला सव्वा ड्रोन येतो. सरावात एक तुटला की लढाईसाठी पाव उरला.

या कोड्याशी अमेरिकाही झगडते आहे. तिथल्या संरक्षण खात्याने जुलै २०२५ मध्ये लहान ड्रोनना टिकाऊ मालमत्तेच्या यादीतून काढून खर्ची पडणाऱ्या साहित्यात धरायचे ठरवले. कागदावरचा बदल, पण त्याने खालच्या अधिकाऱ्याच्या मनावरचे ओझे उतरते. ड्रोन हरवला की चौकशी, जबाब, वसुली असा ससेमिरा मागे लागणार असेल, तर कोणताही कंपनी कमांडर सरावात तो जपूनच उडवेल. आणि जपून उडवलेल्या ड्रोनवर कोणी लढायला शिकत नाही. पुलगावच्या नोंदीचे महत्त्व इथे आहे. दारूगोळ्याच्या वहीत गेलेली वस्तू खर्च झाली तर तिचा खुलासा एका ओळीत होतो.

कराडकरांना, मलकापूरकरांना या प्रश्नाचा जुना अवतार ठाऊक असायला हवा, कारण तो सोडवायला गेलेला माणूस इथला होता. देवराष्ट्रे गावी जन्मलेले आणि कराडात वाढलेले यशवंतराव चव्हाण २१ नोव्हेंबर १९६२ रोजी देशाचे संरक्षणमंत्री झाले. चीनच्या युद्धात सैनिकांच्या अंगावर पुरेसे गरम कपडे नव्हते, हातात जुन्या रायफली होत्या. त्याच महिन्यात संरक्षण उत्पादनाचा वेगळा विभाग सुरू झाला. १९६४ मध्ये पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना आखली गेली. पुढच्या पाच वर्षांत सैन्याला काय लागेल आणि त्याला पैसा कुठून येईल हे आधी ठरवण्याची सवय तिथून लागली. भंडारा, वरणगाव आणि अंबाझरी हे महाराष्ट्रातले दारूगोळ्याचे कारखाने त्याच दशकातले. सप्टेंबर १९६५ च्या युद्धात अमेरिका आणि ब्रिटनने शस्त्रपुरवठा थांबवला, आणि दोनच महिन्यांनी संरक्षण पुरवठा विभाग स्थापन झाला. बाहेरून येणारे सुटे भाग देशातल्या खासगी कारखान्यांकडून बनवून घेणे हे त्याचे काम होते. आज आपण स्वदेशीकरण म्हणतो त्याची सरकारी चौकट यशवंतरावांच्या कारकिर्दीतली आहे, हे इकडच्या शाळांतून सांगितले गेले पाहिजे.

साठ वर्षांनंतर तोच प्रश्न सुट्या भागांच्या रूपाने पुन्हा समोर आहे. भारताने फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. सुटे भाग मात्र येत राहिले. सरकारी निविदेत सर्वांत कमी किंमत देणारा, म्हणजे बाजाराच्या भाषेत एल-वन, काम नेतो. आणि मोटर, वेगनियंत्रक, कॅमेरा हे सगळे चीनमध्ये स्वस्त मिळते. परिणाम व्हायचा तो झाला. चिनी भाग आढळल्याने लष्कराची ४०० मालवाहू ड्रोनची, सुमारे २३० कोटींची कंत्राटे रद्द झाल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाले. चिनी सीमेवर वापरायच्या यंत्राच्या पोटात चिनी भाग असणे हा सुरक्षेचा प्रश्न तर आहेच. पुरवठ्याचाही आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांवर निर्यातीची बंधने घातली. छोट्या विद्युत मोटारीतली शक्ती अशाच चुंबकांतून येते. चुंबक नाही तर मोटर नाही, आणि मोटर नाही तर पुढचे काहीच नाही.

म्हणून मला वाटते की स्वस्त ड्रोनची किंमत मोजताना नुसती निविदेतली रक्कम पाहू नये. थोडी महाग पण देशात बनलेली मोटर युद्धाच्या चौथ्या आठवड्यातही मिळते. पहिल्या आठवड्यातली स्वस्त मोटर चौथ्या आठवड्यात मिळाली नाही, तर ती स्वस्त पडली असे म्हणता येणार नाही. या पट्ट्यात मोटर आणि पंपांचे ज्ञान नवीन नाही. पलूसजवळचे किर्लोस्करवाडी १९१० पासून उभे आहे, कराडजवळ तासवड्याची औद्योगिक वसाहत आहे, सैदापूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा ठिकाणच्या छोट्या कारखानदाराला देशप्रेमाची आठवण करून देण्याची गरज नाही. त्याला दर तिमाहीला ठरावीक मागणी आणि वेळेवर पैसे लागतात.

मे २०२५ ने या सगळ्याला रणांगण दाखवले. ऑपरेशन सिंदूरमध्ये भारताने घिरट्या घालणारी स्फोटके वापरली. ८ आणि ९ मेच्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवले. अवशेषांवरून ते तुर्की बनावटीचे सोंगार असल्याचे प्राथमिक तपासात दिसले. ते पाडायला महागडी क्षेपणास्त्रे उडवणे परवडणारे नव्हते, आणि पाठवणाऱ्याला बहुधा तेच हवे होते. एल-७०, झू-२३ आणि शिल्का या दशकांपूर्वीच्या विमानवेधी तोफांनी त्या रात्री मोठे काम केले. नागपूरच्याच सोलर समूहाने १३ मे रोजी ओडिशातल्या गोपालपूरच्या गोळीबार-क्षेत्रावर भार्गवास्त्राची चाचणी घेतली: ड्रोनचे थवे पाडण्यासाठी छोट्या, स्वस्त अग्निबाणांचा मारा. स्वस्त हल्ल्याला स्वस्त उत्तर हवे, एवढे सूत्र त्यामागे आहे.

त्याच दिवसांत पंजाबच्या फिरोजपूर जिल्ह्यात खाई फेमे की गावातल्या एका घरावर ड्रोन कोसळला. अंगणातली मोटार पेटली, कुटुंब होरपळले, आणि पुढे घरातल्या बाईंचा मृत्यू झाला. ड्रोनची चर्चा आपण पल्ला, वजन आणि किमतीत करतो. ती करायलाच हवी. पण शस्त्र स्वस्त झाले की ते जास्त वेळा आणि कमी विचाराने वापरले जाते, ही भीती खरी आहे. जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर २७ जून २०२१ रोजी ड्रोनमधून दोन स्फोटके पडली, तेव्हाच हे शस्त्र कोणाच्याही हाती पोचल्याचे कळून चुकले होते. आदेश देणारा माणूस शेवटपर्यंत साखळीत राहावा आणि हल्ला रद्द करण्याची सोय असावी, ही अट खरेदीच्या कागदात पहिल्या पानावर असली पाहिजे. त्यासाठी नगाची किंमत वाढली तरी.

स्वस्ताईची आणखी एक बाजू नागपुरातच दिसते. १७ डिसेंबर २०२३ च्या सकाळी बाजारगावच्या सोलर कारखान्यात स्फोट झाला आणि नऊ कामगार गेले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. तो विभाग खाणीसाठी लागणारे बूस्टर बनवणारा होता, ड्रोनचा नव्हे. पण स्फोटक भरण्याचे काम कुठेही असले तरी त्याजवळ हात माणसाचेच असतात, आणि आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मजुरांचेच असतात. मागणी वाढली की पाळ्या वाढतील, वेग वाढेल. खरेदी करणाऱ्या खात्याने नगाची किंमत तपासताना कारखान्यातली अंतरे, भिंती, प्रशिक्षण आणि विमाही तपासावा. किंमत कमी करण्याची जागा ती नव्हे.

मग खरेदीची नवी रीत कशी असावी? तिचे काही तुकडे आपल्याकडे आधीच आहेत. मार्च २०२५ मध्ये लष्कराच्या रायझिंग स्टार कोअरच्या ड्रोन बॅटल स्कूलमध्ये स्फोटक नेणारे छोटे ड्रोन बनत असल्याचे जाहीर झाले. एका अधिकाऱ्याच्या पुढाकाराने, टीबीआरएलच्या मदतीने, एका नगाला सुमारे एक लाख चाळीस हजार रुपयांत, शंभरावर ड्रोनचे उद्दिष्ट ठेवून. वापरणारा आणि बनवणारा एकाच छपराखाली असला की दोष आठवड्यात दुरुस्त होतो. दुसरा तुकडा आणीबाणीच्या खरेदीचा वेग. तिसरा, यशवंतरावांच्या काळातला, पाच वर्षांच्या खात्रीचा. हे तिन्ही एकत्र बांधायचे तर करार वस्तूचा न करता क्षमतेचा करावा लागेल: एवढे वजन, एवढा पल्ला, एवढ्या जॅमरमध्ये टिकाव, आणि दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती घेऊन या. दरवर्षी किमान इतके नग घेण्याची हमी, आणि युद्ध लागले तर तिप्पट करण्याची तयारी. त्यातला मोठा वाटा सुरुवातीपासून सरावासाठी राखून ठेवायचा, स्फोटकाऐवजी तेवढ्याच वजनाचे ओझे घालून, म्हणजे बटालियनमधला जवान ड्रोन गमावायला न घाबरता उडवेल. कोठारात बॅटऱ्या वेगळ्या, स्फोटक वेगळे, आणि दोन्हींच्या मुदतीच्या तारखा वेगळ्या ठेवाव्या लागतील. लिथियमची बॅटरी तोफगोळ्याइतकी वर्षे थांबत नाही. मुदत संपत आलेला माल आधी सरावाला जाईल आणि त्याच्या जागी नवी आवृत्ती आत येईल, अशी फिरती व्यवस्था पुलगावसारख्या भांडाराला बसवावी लागेल.